गालिच्याखालचा हौद

घर बघायला आलेल्या बाईंनी माझ्या पडद्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. चपला दारात काढल्या, दोन पावलं आत आल्या आणि टाचेने गालिच्यावर ठोकून पाहिलं.

"हौद कुठाय?"

घराचे मालक मल्लिनाथअण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, "गालिच्याखालीच आहे. दाखवते ना, या दोन कुंड्या तेवढ्या हलवाव्या लागतील."

"असू द्या," बाई म्हणाल्या. वर जाऊन त्यांनी खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघरात ओट्यावर हात फिरवला, खाली आल्या, नवऱ्याला डोळ्यांनीच 'चला' म्हणाल्या. विचार करून सांगतो, असं दोघं एका सुरात बोलले. हे वाक्य मी धंद्यात इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थ मला पाठ आहे. पंधरा दिवसांत ही तिसरी पार्टी होती.

मी होम स्टेजिंग करते. म्हणजे विकायचं घर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर जाण्याआधी आवरून, उजळून, मांडून देते. इंटिरियर डिझायनर तुम्ही राहणार ते घर सजवतो. मी तुम्ही सोडणार ते सजवते. सोलापुरात हे समजावून सांगताना पहिली दोन वर्षं माझा घसा बसला. मग एका आजोबांनीच मला सोपं करून दिलं. "म्हंजे घराचे कांदेपोहे म्हणा की," असं ते म्हणाले. तेव्हापासून मी तेच सांगते.

हे काम मी शिकले पुण्यात, बिल्डरांच्या सॅम्पल फ्लॅटवर. तिथले नियम सरळ असतात. पहिला, पसारा काढा, म्हणजे खोली मोठी दिसते. दुसरा, मालकाच्या खुणा पुसा, म्हणजे येणाऱ्याला ते घर आपलं वाटतं. तिसरा, घर दाखवताना मालकाला तिथे थांबू देऊ नका, कारण मालक नको तेवढं बोलतो. हे तिन्ही नियम मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या अण्णांच्या घराला अगदी चोख लावले होते.

घर वाईट नव्हतं. अरुंद प्लॉटवर अण्णांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, दोन मजली. खाली एक लांब हॉल, तिथे त्यांचं शाळेच्या गणवेशांचं कटिंग चालायचं. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास. सगळा संसार वर, आणि वर जायला एक जिना. जिना कसला, शिडीच म्हणायची. मुलगा बेंगळुरूला गेल्यावर धंदा बंद झाला. मग नीलाकाकूंचे, म्हणजे अण्णांच्या पत्नीचे, गुडघे गेले. संक्रांतीच्या सुमारास दवाखान्यासाठी त्या खाली उतरल्या. परत वर नेताना दोन माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. त्यानंतर त्या खाली आल्याच नाहीत. मी गेले तेव्हा भाद्रपद चालू होता.

काकूंची धाकटी बहीण होटगी रोडला राहते. तिच्या समोरचाच तळमजल्याचा फ्लॅट विकायचा होता. त्या मालकाने अण्णांना शब्द दिला होता. दसऱ्यापर्यंत थांबतो, तोवर तुमचं घर गेलं तर किल्ली तुमची, नाहीतर दुसरा तयार आहे. अण्णांचं घर सहा महिने नुसतं पडून होतं. शेवटी एजंट इरफानभाईंनी मला बोलावलं.

पहिल्या दिवशी अण्णा फार बोलले नाहीत. गळ्यात टेप अडकवून ते मला घर दाखवत फिरले. धंदा बंद होऊन तीन वर्षं झाली तरी ती टेप काही सुटली नव्हती. जिन्यापाशी आल्यावर थांबले.

"हा जिना मीच काढलाय. मिस्त्री म्हणला होता, अण्णा, लई उभा होतोय. मी म्हटलं, होऊ दे, खाली टेबलाला जागा लागत्याय." मग कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "जागा वाचली की. पर तिला मीच वर कोंडून घातलं."

मला भडभडून आलं. दसऱ्याच्या आत हे घर विकून दाखवते, असं मी तिथल्या तिथे म्हणून बसले. अशी वचनं धंद्यात देऊ नयेत, हे मला ठाऊक आहे.

कामाला लागले. कटिंगचं टेबल हलवलं, भिंतींना फिकट रंग दिला, पिवळे बल्ब काढून पांढरे लावले. माझ्याकडे भाड्याने द्यायचं फर्निचर असतं, त्यातला सोफा, दोन दिवे आणि गालिचा आणला. हॉलच्या मधोमध जमिनीत हौदाचं लोखंडी झाकण होतं, गंजलेलं, वर रस्सी बांधलेली. दिसायला कसंतरीच. त्यावर गालिचा अंथरला आणि गालिच्यावर दोन मोठ्या कुंड्या मांडल्या. वरच्या मजल्यावर न्हाणीत, गॅलरीत, अगदी देवघराच्या बाजूलासुद्धा पाण्याची पिंपं होती. निळी, काळी, एक तर अजून रंगाच्या कंपनीचा शिक्का असलेलं. ती सगळी शेजाऱ्यांच्या गच्चीत नेऊन ठेवायला सांगितली. माणसं एकेक पिंप जिन्यावरून खाली उतरवत होती तेव्हा काकू आतून कठड्याला धरत धरत बाहेर आल्या.

"ताई, पिंपं कुठं चालली?"

"शेजारीच काकू. घर विकेपर्यंत. ती असली की जागा लहान दिसते."

"आणि नळ आला म्हंजे पाणी कशात धरू? तुमच्या फुलदाणीत?"

मी हसले. गडीमाणसंही हसली. काकू हसल्या नव्हत्या, हे मला नंतर आठवलं.

आणि तिसरा नियम. मालकाने थांबायचं नाही. पण काकू जाणार कुठे? मी त्यांना सांगितलं, लोक आले की तुम्ही आतल्या खोलीत बसा, दार लोटून घ्या. त्या बसल्या. तीनही वेळा बसल्या.

आता बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी, पाच दिवसांनी येतं, कधी दुपारी, कधी पहाटे, तास दीड तास. ते धरून ठेवायला घराखाली जी टाकी बांधतात तो हौद. तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि वरचेवर लागणारं पिंपात, घागरीत भरायचं. इथे सोयरीक जुळवताना मुलीची आई मुलाचा पगार विचारते आणि त्याच्या पाठोपाठ पाणी किती दिवसांनी येतं ते विचारते. मी इथलीच आहे. मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण सॅम्पल फ्लॅटच्या नळांना पाणीच नसतं, ते नुसते चमकायला लावलेले असतात. आणि मी राहते त्या अपार्टमेंटला टँकर येतो, त्याची चिंता सेक्रेटरी करतो. इतकी वर्षं पाण्याची काळजी दुसऱ्याने केली की माणूस असा आंधळा होतो.

तरीही तिसरी पार्टी गेल्यावर मी दोष पडद्यांना दिला. रंग जरा थंड वाटतोय, बदलून बघते, असं इरफानभाईंना फोनवर म्हणाले.

"म्याडम, बुरा मत मानो," ते म्हणाले. "पडद्याचं काय न्हाय. गल्लीत बोलतेत, हौद फुटलाय म्हणून झाकून ठिवलाय. पिंपं बी काढून टाकली, म्हंजे पाणी चढतच नसंल. आणि वरच्या खोलीत कुणीतरी बसून असतंय दार लावून, ते येगळंच. तीन पार्ट्या बघून गेल्या, तिन्ही बायकांनी हेच सांगितलं."

मी फोन ठेवला. सहा महिने ते घर नुसतं पडून होतं, पण बदनाम नव्हतं. ते मी पंधरा दिवसांत करून दाखवलं होतं. काकूंना खाली आणायला निघालेली मी, त्यांच्या दारावर आणखी एक कडी घालून बसले होते.

दसऱ्याला तीन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी जिना चढून काकूंकडे गेले. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, गल्लीत काय बोलतात तेही. त्या परातीत मेथी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"हौद फुटलाय?" त्या म्हणाल्या. "अय्यो, ह्या गल्लीत सगळ्यात आदी पाणी आमच्याकडं येतंय. उताराला घर हाय की. वरच्या घरांचे नळ नुसते फुसफुस करत्यात तवा आमचा हौद निम्मा झालेला असतोय. तीस वर्षं मी भरतेय, मला इचारायचं की न्हाय एकदा?"

"चुकलं काकू," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

"बरं, मेथी निवडू लागा," एवढंच त्या म्हणाल्या. मी बसले. जुडी संपेपर्यंत त्यांनी मला त्या घराच्या पाण्याची सगळी कुंडली सांगितली आणि मी ती लिहून घेतली.

मग मी घर नव्याने मांडलं. कुंड्या बाहेर, गालिचा गुंडाळून गाडीत. हौद रिकामा करून घेतला, मिस्त्रीला आत उतरवलं. भेग नव्हती. पण माझ्या किंवा मिस्त्रीच्या शब्दाला आता गल्लीत किंमत नव्हती, म्हणून साधी परीक्षा घ्यायची ठरवली. हौद घासून पांढरा केला. आत एक दिवा सोडला, वर स्विच. गंजकं झाकण टाकून हलकं, मुठीचं झाकण बसवलं, कोणत्याही बाईला एका हाताने उचलता येईल असं. पुढच्या पाण्याच्या दिवशी तो काठोकाठ भरला आणि पाण्याच्या पातळीवर भिंतीला ऑइलपेंटने लाल रेघ मारली. त्या दिवसापुरती मोटर बंद ठेवली, वरची टाकी भरलेली होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दोघीतिघींना मुद्दाम बोलावून झाकण उघडलं. पाणी रेघेला चिकटून होतं. चहा अण्णांनी स्वतः केला. त्या बायका माझ्या आजवरच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा जोरात चालल्या.

पिंपं परत आणली, पण सगळी नाही. चार चांगली निवडली, धुऊन एका रंगात रंगवली, न्हाणीत ओळीने लावली. काकूंच्या पितळी घागरी चिंचेने घासून स्वयंपाकघरात ठेवल्या. आणि काकूंची खुर्ची आतल्या खोलीतून उचलून जिन्याच्या डोक्याशी आणली. "आता कुणी आलं की तुम्ही इथे बसायचं," मी म्हणाले. त्यांनी इरकल साडी काढायला सांगितली.

चौथी पार्टी मी मुद्दाम पाण्याच्या दिवशी बोलावली, दुपारी तीनला. नळ उघडा ठेवायचा, हौदात पाण्याची जाड धार पडताना दाखवायची, असा बेत. नवरात्र तोंडावर आलं होतं. घट बसायच्या आधी घरातली सगळी पांघरुणं धुवायची आपली रीत. त्या आठवड्यात शहरातल्या प्रत्येक घरात पाण्याची मारामार असते. अशा वेळी धो धो नळ दाखवण्यासारखी जाहिरात नाही, असं मी स्वतःवर खूश होऊन म्हणत होते.

पावणेतीनला चावीवाला, म्हणजे गल्लीगल्लीत पाणी सोडणारा माणूस, मोटरसायकलवरून ओरडत गेला. मोठी लाइन फुटलीय, आज पाणी नाही, उद्याचंही सांगता येत नाही. सगळ्या गल्लीने त्याला शिव्या घातल्या. त्या गोंधळातच इरफानभाई पार्टी घेऊन दारात आले. सरिता आणि तिचा नवरा. दोघं भाड्याने राहत होते, घरात तेलुगू बोलणारे. ती ब्लाउज शिवायची, तिला मशीन ठेवायला खाली हॉल हवा होता. घर तिच्यासाठीच बांधल्यासारखं होतं आणि आज नळाला थेंब नव्हता.

इरफानभाई माझ्या कानाशी आले. "उद्या आणू का?"

माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. तेवढ्यात जिन्याच्या डोक्यावरून आवाज आला.

"झाकण उघडा की. थांबलाय कशाला?"

मी झाकण उचललं, दिवा लावला. आत पाणी कमरेएवढं होतं, स्वच्छ, तळ दिसणारं. वर भिंतीवर लाल रेघ. सरिता पदर खोचून काठाशी बसली.

"ही रेघ कशाची?"

"पाच दिवसांपूर्वी इथवर भरलं होतं," मी सांगितलं.

तिने रेघेपासून पाण्यापर्यंत वितीने अंतर मोजलं. मग मान वर करून जिन्याकडे पाहिलं. "काकू, तुमी घरात किती माणसं?"

"दोनच."

"मग एवढं पाणी कशाला लागलं?"

दोन माणसांना पाच दिवसांत एवढं लागतं, म्हणजे हौद गळतोच, असा अर्थ कुणीही काढला असता. रेघ मीच मारली होती, आणि आता तीच माझ्यावर उलटत होती.

"अगं, नवरात्राची धुणी झाली की," काकू म्हणाल्या. "धा गोधड्या, सहा चादरी, पडदे. बाई लावली होती. वर गच्चीत वाळाय घातल्यात, जाऊन मोज."

सरिता खरोखर गच्चीत गेली. ती खाली यायला दहा मिनिटं लागली. मी जिन्याखाली उभी राहून ऐकत होते. गच्चीतून उतरून ती काकूंशेजारी पायरीवर बसली होती, सांगत होती. तिच्या घरी गोधड्या तीन दिवस तशाच गाठोडं बांधून पडल्या होत्या, घरमालक एका वेळी दोन बादल्यांच्या वर पाणी देत नव्हता. सकाळपासून प्यायचं पाणीही संपलेलं होतं. ती आज येणारच नव्हती, आधी पाण्याची सोय करू, असं नवऱ्याला म्हणत होती.

मग तिने विचारलं, "काकू, खरं सांगा, ह्या घरात वाईट काय हाय?"

हा प्रश्न मालकाला विचारला जाऊ नये म्हणूनच तर तो तिसरा नियम असतो. मी डोळे मिटून घेतले.

"जिना," काकू म्हणाल्या. "बघ माझ्याकडं. माघापासून खाली गेले न्हाय मी. तुझे गुडघे धड हायेत तवर घर लई चांगलं. पर खाली हॉलच्या मागं जागा हाय, तितं संडास-न्हाणी बांधून घे आत्ताच. आमी आज करू, उद्या करू म्हणत ऱ्हायलो. आणि जोराचा पाऊस झाला की गल्लीचं पाणी उंबऱ्याला लागतंय. आत येत न्हाय. उंबरा उंच केलाय ह्यांनी. बास, दुसरं काय न्हाय."

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. गळ्यातली टेप त्यांनी काढून हातात गुंडाळली होती.

पार्टी निघाली. विचार करून सांगतो, हे वाक्य यायची मी वाट बघत होते. ते आलंच नाही. वरून काकूंनी अण्णांना हाक मारली, "अवो, तिला दोन कॅन भरून द्या. पोरगी पाण्यावाचून चाललीय." अण्णांनी मोटर लावली, कॅन भरले, स्कूटरला पुढे एक आणि मागे एक बांधून दिले. मी इतकी वर्षं घरं दाखवतेय. घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने पाणी घेऊन जाणं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरिता कॅन परत करायला आली. बरोबर नवरा होता, सासरे होते आणि टोकनचा चेक होता. सासऱ्यांनी झाकण उघडून एकदा आत पाहिलं आणि मान हलवली. भाव करायची तयारी मी करून ठेवली होती. ती लागली नाही. खाली न्हाणी बांधायचा जेवढा खर्च तेवढा कमी करा, एवढंच ते म्हणाले. अण्णांनी लगेच हो म्हटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, होटगी रोडच्या फ्लॅटची किल्ली हातात आल्यावर, काकू खाली उतरल्या. खुर्चीत बसवून न्यायला माणसं आली होती, त्यांना त्यांनी परत पाठवलं. एकेका पायरीवर बसत, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, त्या स्वतः उतरल्या. पाव तास लागला. अण्णा प्रत्येक पायरीला 'सावकाश' म्हणत होते आणि काकू प्रत्येक वेळी 'व्हय व्हय' म्हणत होत्या. खाली आल्यावर त्या थेट दाराबाहेर गेल्या आणि गल्लीत उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. येणाऱ्या जाणाऱ्याशी बोलल्या, समोरच्या बाईच्या नातवाचे गाल ओढले. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

माझं काम अजून तेच आहे. पसारा मी अजून काढते, बल्ब अजून बदलते. पण नवं घर हातात घेतलं की आधी हौदाचं झाकण उघडते, आणि मग घरातल्या बाईला विचारते की पाण्याचा दिवस कोणता. तिसरा नियम तर मी खोडूनच टाकलाय. मालकाला आत कोंडलं की बाहेर दाखवायला फक्त सोफा उरतो, आणि तो भाड्याचा असतो.